पर्सनल फोनवर ऑफिसचा मेल टाकण्याआधी

अरे, एचआरने सांगितलं म्हणून लगेच सगळ्याला अलाऊ करू नकोस, आधी आयटीवाल्यांना विचार की फक्त वर्क प्रोफाइल (फोनमधला ऑफिसच्या ॲपचा वेगळा कप्पा) आहे की पूर्ण फोनचा कंट्रोल. अँड्रॉइडवर वर्क प्रोफाइल असेल तर ऑफिसच्या ॲपवर छोटीशी ब्रीफकेस दिसते, तुझे फोटो, व्हॉट्सॲप त्यांना दिसत नाही आणि नोकरी सोडलीस की तेवढाच भाग पुसतात. पूर्ण कंट्रोल मागितला तर सरळ ऑफिसचा फोन माग. खरी गोची ऑफिसच्या लॅपटॉपवर होते बघ, तिथल्या क्रोममध्ये स्वतःच्या जीमेलने सिंक चालू केलं की घरचे पासवर्ड, हिस्ट्री सगळं कंपनीच्या मशीनवर येतं, त्यामुळे बँक, डॉक्टरचे रिपोर्ट, नवीन नोकरीचा बायोडेटा तिथे उघडूच नको. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यातही नोकरीसंबंधी कारणांसाठी संमतीशिवाय माहिती वापरायची सूट दिलीय, मला ते अजिबात पटत नाही.