सामुदायिक शेतीचा इतिहास लिहायचाय ना, मग आधी हजेरीपट शोध

बाळ, आशीर्वाद.

तुझा आराखडा वाचला. म्हैसाळच्या विठ्ठल संयुक्त सहकारी शेती सोसायटीवर काम करायचं ठरवलंयस, झकास. मिरज तालुक्यातली ही संस्था मधुकर देवलांनी १९६९ साली गावातल्या दलित कुटुंबांना बरोबर घेऊन उभी केली, हे तू छान लिहिलंयस, पण आराखड्याचा निम्मा भाग त्यातच गेलाय. देवलांचं काम मोठं, त्यात वादच नाही. तरी संस्थापकाचं चरित्र वेगळं आणि शेतीचा इतिहास वेगळा, आणि आपल्याकडे सहकारावर लिहायला बसलं की बहुतेक वेळा स्मरणिकाच तयार होते, हार, फेटे, मान्यवरांचे संदेश, आणि जे उन्हात राबले ते ग्रुप फोटोत मागच्या रांगेत, नावं नसलेले.

पार्श्वभूमी एका पानात उरक. जानेवारी १९५९ मध्ये काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनात संयुक्त सहकारी शेतीचा, म्हणजे जमिनी एकत्र करून सगळ्यांनी मिळून कसण्याचा ठराव झाला, उत्तर प्रदेशातले काँग्रेस नेते चरणसिंग यांनी कडाडून विरोध केला, त्याच वर्षी राजाजींचा ‘स्वतंत्र पक्ष’ निघाला, मग ठिकठिकाणी सोसायट्या निघाल्या, त्यातल्या कित्येक अनुदानापुरत्या नाहीतर सीलिंगमधून, म्हणजे कमाल जमीन धारणेच्या कायद्यातून जमीन वाचवायला. म्हणजे १९६९ येईपर्यंत या कल्पनेतली हवा निघून गेलेली होती. तरी इथे लोकांनी ती का धरली, हा तुझा खरा प्रश्न. त्याचं उत्तर पुण्यातल्या लायब्ररीत कमी आणि गावच्या दप्तरात जास्त सापडेल.

सुरुवात जमिनीपासून कर. ऑनलाइन सातबारा काढून समाधान मानू नकोस, त्यात फक्त आजचं दिसतं. तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून जुने हाताने लिहिलेले सातबारे आणि फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदी, काढ. महार वतनं, म्हणजे गावकामाच्या बदल्यात वंशपरंपरेने मिळालेल्या जमिनी, १९५८ च्या कायद्याने खालसा झाली आणि जमिनी नव्या शर्तीने, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता येणार नाहीत अशा अटीवर, परत दिल्या गेल्या, तेव्हा एखादा तुकडा वतनाचा होता का, परत कधी मिळाला, कुणाच्या नावावर चढला हे फेरफारात असतं. आणि सातबाऱ्यातला ‘इतर हक्क’चा कॉलम बोट ठेवून वाच, घाईत सगळे तोच सोडतात. गहाण, बोजा, बँकेचं कर्ज, सगळं तिथे. नाव याचं पण पीक दुसराच काढतोय असं कुठे दिसलं तर थांब, खालची पीकपाहणीची ओळही बघ. जमिनीच्या तुकड्यांच्या एकत्रीकरणात सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले असतील तर जुन्या-नव्या नंबरांचा मेळ घालायला भूमी अभिलेखचं पत्रक लागेल, ते मिळायला वेळ लागतो म्हणून अर्ज आत्ताच टाक.

सोसायटीचं दप्तर बघायला एखाद्या सभासदाला सोबत घेऊन जा, एकटी गेलीस तर चिटणीस साहेब मीटिंगला गेलेत असंच ऐकायला मिळेल. सभासद रजिस्टर, प्रोसिडिंग बुक, ऑडिट रिपोर्ट हे सगळं बघशीलच. मला मात्र हजेरीपटाचं पडलंय. मी एका वेगळ्या संस्थेचं जुनं दप्तर चाळलं होतं, तिथे सभासद यादीत एकही बाई नव्हती. हजेरीपट उघडला तर अंगठेच अंगठे, जांभळ्या शाईचे, निम्म्याहून जास्त बायकांचे, आणि नावाच्या रकान्यात स्वतःचं नाव नाही, ‘अमक्याची मंडळी’, बस्स. तारखांच्या चौकटीत उभ्या रेघा म्हणजे हजर, गोल म्हणजे खाडा, आणि खुरपणीच्या दिवसांत बायकांच्या ओळीत गोल जवळपास नाहीतच. त्या वर्षीच्या प्रोसिडिंगमध्ये नफावाटपाचा ठराव आहे, तो जमिनीच्या हिश्शावर, कामाच्या दिवसांवर नाही. ही दोन पानं शेजारी ठेवली की मला वेगळं काही सांगावं लागलं नाही. तुझ्याकडे काय निघतं मला ठाऊक नाही, उलटंही निघेल, पण शोध.

मुलाखतींचं सांगतो. सामुदायिक शेतीचा अनुभव कसा होता असं विचारलंस की माणूस भाषण देतो, त्यात चूक त्याची नसते. त्यापेक्षा विचार, पहिला ऊस कुठल्या कारखान्याला गेला, तोड कुणी केली, बिल कुणाच्या नावावर निघालं, पाण्याच्या मोटारीची पाळी रात्रीची असायची तेव्हा कोण जायचं, हप्ता घरात कुणाच्या हातात पडायचा. सनावळी विचारू नकोस, कुणाला आठवत नाही. कोयनेच्या भूकंपाआधी का नंतर, बहात्तरच्या दुष्काळात का, आणीबाणीत का, असं धरून चाल, १९६७, १९७२, १९७५, वर्षं आपोआप बसतात. चेअरमनसमोर बसवून कुणाची मुलाखत घ्यायची नाही. बायकांशी त्यांच्या घरात बोल, सून शेजारी असली तर तिलाही बोलू दे, तिची बाजू वेगळीच असते. भांडणं सांगितली तर लिहून घे पण नावं छापायची का ते त्यांनाच विचार, गावात राहायचं त्यांना आहे, तुला नाही.

आणि एकदा तरी म्हाताऱ्यांना शेतात घेऊन जा. संयुक्त शेतीत बांध निघतात ना, तर आपला बांध कुठून जायचा हे विचार. नकाशात नाही ते पायांना माहीत असतं, चालता चालता सांगतील, इथे आमची बाभळ होती, इथून पुढे चुलत्याचं. फोनमध्ये जीपीएस चालू ठेवून त्यांच्या मागे चाल. बांध मोडताना कोण रडलं, कोण हसलं, ते तिथेच निघेल, घरात खुर्चीवर बसून नाही निघणार.

कृष्णाकाठचं गाव आहे, २००५ ला पूर, २०१९ ला पूर, २०२१ ला परत. कुणाच्या घरी ओले होऊन वाळलेले कागद असतील तर चिकटलेली पानं ओढून सोडवू नकोस, आहेत तशी फोटो काढ, पान नंबर दिसेल असा, शेजारी पट्टी ठेवून. मूळ कागद पिशवीत घालून घरी आणायचा नाही, कितीही आग्रह केला तरी. रेकॉर्डिंगच्या दोन कॉप्या, एक तुझ्याकडे, एक गावात.

तुझ्या मुलाखतींतल्या ज्या आज्जी लेकीकडे जाणार आहेत त्यांची मुलाखत आधी उरक, चेअरमन कुठे पळत नाहीत. फेरफाराचे फोटो आले की पाठव, अक्षर लागत नसेल तर मी लावून देतो.