एनएचके पाहताना पडलेले प्रश्न

गेल्या अंकात एनएचके वर्ल्ड-जपान या जपानी सार्वजनिक वाहिनीची ओळख दिली होती. त्यावर गोव्यातल्या वाचकांची बरीच पत्रं आली. त्यातली बहुतेक बातम्यांबद्दल नसून स्वयंपाक, मासळी आणि कुस्तीबद्दल आहेत. निवडक प्रश्नांची उत्तरं इथे देत आहोत.

प्रश्न : मोबाइलवर ही वाहिनी लावली. पैसे मागत नाहीत, जाहिराती नाहीत. मग ती चालते कशावर? केबलवर मिळेल का?
— निवृत्त शिक्षक, डिचोली

जपानी लोकांच्या पैशांवर चालते. तिथे ज्याच्या घरी टीव्ही आहे त्याने एनएचकेशी करार करून शुल्क भरायचं, असं १९५० च्या प्रसारण कायद्यातच लिहिलेलं आहे. ऑक्टोबर २०२३ पासून साध्या वाहिन्यांना महिना १,१०० येन आणि उपग्रह वाहिन्या धरून १,९५० येन असा दर आहे. सगळेच हे खुशीने भरतात असं नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि डिसेंबर २०१७ मध्ये न्यायालयाने ही सक्ती घटनेला धरूनच असल्याचा निकाल दिला. परदेशी प्रसारणाला या शुल्काखेरीज थोडं सरकारी अनुदानही मिळतं. आपल्याला मात्र एक पैसाही पडत नाही.

केबल किंवा डिशवर ती आहे की नाही, हे तुमच्या केबलवाल्याच्या यादीत बघा. नसेल तर ॲप किंवा संकेतस्थळ पुरे. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. जपानचं घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास आहे. आणि रेकॉर्ड केलेल्या प्रत्येक कार्यक्रमाखाली तो कधीपर्यंत दिसेल ती तारीख असते. 'चतुर्थी झाल्यावर बघू' म्हणून ठेवलेला कार्यक्रम तोवर गेलेला असतो.

प्रश्न : पाककृती तंतोतंत करते, तरी भात मोकळाच राहतो आणि 'दाशी' नावाचं पाणी बुळबुळीत, कडवट होतं. चुकतं कुठे?
— गृहिणी, फोंडा

भाताचा दोष तांदळात आहे, तुमच्या हातात नाही. उकड्या तांदळातलं पीठ भाताची टरफलं काढण्याआधीच शिजून घट्ट बसलेलं असतं, त्यामुळे तो शिजला तरी चिकटत नाही. पेजेला तो उत्तमच, पण जपानी भाताला चालायचा नाही. जपानी तांदूळ मिळाला नाही तर इंद्रायणी घ्या. जपानी घरात तांदूळ मोजायचं माप १८० मिलिलिटरचं असतं आणि त्यात साधारण १५० ग्रॅम तांदूळ मावतो. स्वयंपाकाचा इतर 'कप' २०० मिलिलिटरचा. आपल्याकडे विकत मिळणारा कप बहुधा २४० किंवा २५० चा असतो. पदार्थ खारट किंवा पातळ होतो तो इथेच, म्हणून मिलिलिटरमध्ये आकडा दिला असेल तर तोच धरा. मोठा चमचा १५ आणि लहान ५ मिलिलिटर, ही मापं मात्र आपल्यासारखीच आहेत. जपानी तांदूळ निवळी येईपर्यंत धुवायचा, अर्धा तास भिजवायचा, तांदळाच्या सव्वापटीहून किंचित कमी पाणी घालून शिजवायचा आणि आच बंद केल्यावर दहा मिनिटं झाकण उघडायचं नाही. इंद्रायणीला भिजवण थोडी कमी पुरते.

आता दाशी, म्हणजे जपानी सूप-रश्श्यांचा पाया असलेलं चवदार पाणी. एक लिटर पाण्याला १० ग्रॅम कोंबू, म्हणजे समुद्री शेवाळाची सुकी पट्टी. तिच्यावरची पांढरी भुकटी धुवू नका, चव त्यातच असते. ओल्या फडक्याने धूळ तेवढी टिपा. पट्टी अर्धा तास गार पाण्यात ठेवा आणि मग भांडं मंद आचेवर चढवा. तळाशी बारीक बुडबुडे दिसू लागले की उकळी फुटण्याआधी पट्टी काढा. तुमचं बिघडतं ते याच पायरीवर. कोंबू उकळला की त्यातला चिकट रस आणि कडवटपणा पाण्यात उतरतो.

पट्टी काढल्यावर पाणी उकळा, आच बंद करा आणि २० ते ३० ग्रॅम कात्सुओबुशी टाका. कुप्याच्या जातीचा मासा शिजवून, धुरी देऊन लाकडासारखा कडक वाळवतात, त्याचा हा पातळ कीस. तो एक-दोन मिनिटांत खाली बसतो. मग फडक्यातून गाळा. पिळू नका, पिळलं की पाणी गढूळ होतं आणि माशाचा वास वर येतो.

दोन जिन्नस कशाला, असंही तुम्ही विचारलं आहे. कोंबूतला ग्लुटामेट हा चव देणारा घटक जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये वेगळा काढला. सुक्या माशात इनोसिनेट हा तसाच दुसरा घटक असतो. दोन्ही एकत्र आले की चव नुसत्या बेरजेपेक्षा कितीतरी वाढते. सोमवारी किंवा श्रावणात मासा नको असेल तर कोंबू आणि सुकी शिताके अळंबी गार पाण्यात घालून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. कात्सुओबुशीच्या जागी सुकी सुंगटं घातली तर पाणी चवदार होतं, पण ती दाशी नव्हे, दुसरंच काहीतरी. वाईट नाही एवढं खरं.

प्रश्न : 'शिमे साबा' म्हणजे मीठ लावून व्हिनेगरमध्ये मुरवलेला कच्चा बांगडा, असं दाखवलं. आमच्याकडे जेटीवरून फडफडीत बांगडा येतो आणि माडाच्या सुरेचा व्हिनेगरही घरचा आहे. करून बघू का?
— वास्को

नको. पत्र वाचल्या वाचल्या हेच उत्तर मनात आलं, पण कारणं सांगायला हवीत.

पहिलं कारण आनिसाकिस नावाची अळी. समुद्री माशाच्या पोटात ती असते आणि मासा मेल्यावर मांसात शिरू शकते. स्वयंपाकात वापरतो तेवढ्या मिठाने किंवा व्हिनेगरने ती मरत नाही. व्हिनेगरने मांस पांढरं पडतं, शिजल्यासारखं दिसतं आणि माणूस फसतो. जपानच्या आरोग्य मंत्रालयाचा नियम साधा आहे : उणे २० अंशांवर २४ तास किंवा त्याहून जास्त गोठवा, नाहीतर ७० अंशांना शिजवा; ६० अंश असेल तर एक मिनिट. घरच्या फ्रिजचा वरचा कप्पा दिवसातून दहादा उघडतो. तो उणे २० ला टिकेल यावर विसंबू नका.

दुसरं कारण आपल्या हवेत जास्त महत्त्वाचं आहे. बांगडा, तारली, कुपा या लाल मांसाच्या माशांना ऊब लागली की त्यांच्यात जिवाणूंमुळे हिस्टामिन नावाचं बाधणारं द्रव्य तयार होतं. अंगावर गांधी उठतात, तोंड लाल होतं, डोकं ठणकतं. एकदा तयार झालेलं हिस्टामिन तळून किंवा उकळूनही जात नाही. मासा दिसायला ताजा असला तरी तासभर उन्हात टोपलीत होता की बर्फात, हे विचारूनच घ्या. जितकं वजन माशाचं तितकाच बर्फ, हा हिशेब उन्हाळ्यात धरावा. पडद्यावरच्या जपानी माशाची काळजी बोटीवरूनच सुरू झालेली असते. डोक्यात टोचून तो तत्काळ मारतात, रक्त काढतात आणि बर्फाच्या पाण्यात ठेवतात. ते सगळं अर्ध्या मिनिटात दाखवून कॅमेरा ताटाकडे वळतो.

त्याच कार्यक्रमांतला शिओयाकी करा, म्हणजे मीठ लावून भाजलेला मासा. २५० ग्रॅम साफ केलेल्या बांगड्याला ५ ग्रॅम मीठ, म्हणजे लहान चमचा सपाटीला किंचित कमी. दोन्ही बाजूंना तिरक्या चिरा द्या, मीठ लावून २० मिनिटं ठेवा. अंगावर पाणी सुटेल ते कोरड्या कागदाने नीट टिपा. उग्र वास त्या पाण्यातच असतो, आणि ते राहिलं तर मासा भाजण्याऐवजी वाफवतो व कातडी जाळीला चिकटते. जाळी आधी चांगली तापवा. जपानी साबा आपल्या बांगड्याहून मोठा आणि तेलकट असतो, म्हणून तिकडची वेळ जशीच्या तशी धरू नका. सोबत किसलेला मुळा आणि लिंबू. हळद-तिखट नसलेला बांगडा घरच्यांना रुचेल का, ते तुमचं तुम्ही बघा.

प्रश्न : भूकंपाच्या बातमीत एकदा ७.६ म्हणतात, एकदा ७, मग नकाशावर जांभळा, लाल, पिवळा. काय समजायचं?
— काणकोण

हे दोन वेगळे आकडे आहेत. ७.६ ही भूकंपाची एकूण ताकद, ती एका भूकंपाला एकच. दुसरा आकडा 'शिंदो', म्हणजे त्या त्या गावी जमीन किती हलली. तो ० ते ७ असतो आणि त्यात ५ व ६ चे कमी-जास्त असे दोन भाग आहेत, म्हणून एकूण पायऱ्या दहा. १ जानेवारी २०२४ ला नोतो द्वीपकल्पात ७.६ ताकदीचा भूकंप झाला, तेव्हा काही ठिकाणी शिंदो ७ होता आणि लांबच्या गावांत २ किंवा ३.

रंग त्सुनामीचे आहेत. जांभळा म्हणजे तीन मीटरपेक्षा उंच लाट, लाल म्हणजे तीन मीटरपर्यंत, पिवळा एक मीटरपर्यंत. पिवळा रंग दिसला म्हणून निर्धास्त राहायचं नसतं, गुडघाभर वेगवान पाणीही माणसाला ओढून नेतं. नोतोच्या वेळी निवेदिका अक्षरशः ओरडून 'आत्ताच्या आत्ता पळा' सांगत होती, त्याचं अनेकांना नवल वाटलं. २०११ च्या मार्चमधल्या त्सुनामीत शांत आवाजातल्या सूचना ऐकून लोक जागचे हलले नाहीत, हे लक्षात आल्यावर एनएचकेने मुद्दाम बदललेली ही पद्धत आहे. आपल्या किनाऱ्यासाठी हे नकाशे उपयोगाचे नाहीत. २००७ पासून ते काम हैदराबादचं इन्कॉइस केंद्र करतं.

प्रश्न : कागोशिमा शहरावरच्या कार्यक्रमात गोव्याचं नाव आलं. काय संबंध?
— जुने गोवे

फ्रान्सिस झेवियर एप्रिल १५४९ मध्ये गोव्याहून निघाले आणि १५ ऑगस्टला कागोशिमाला उतरले. बरोबर आंजिरो होता. तो मूळचा कागोशिमाचाच, १५४८ मध्ये गोव्यात त्याचा बाप्तिस्मा झाला होता.

प्रश्न : हे सगळं इतकं स्वच्छ, इतकं निगुतीचं. जपान खरंच असं आहे?
— मडगाव

ही वाहिनी परदेशी प्रेक्षकासाठी वेगळी बेतलेली आहे. चोवीस तास इंग्रजी प्रसारण २००९ पासून आणि आजचं नाव २०१८ पासून. जपानी माणूस घरी बघतो ती एनएचके निराळी : सकाळी आठची पंधरा मिनिटांची मालिका, रविवारी दुपारी गावोगावच्या हौशी गायकांची स्पर्धा, संसदेतली लांबलचक चर्चा. पर्यटनाच्या कार्यक्रमांत गोडवा जास्त असतो, ते आम्ही फारसे सुचवत नाही. 'डॉक्युमेंट ७२ अवर्स' बघा. एकच जागा, तीन दिवस, येईल त्या माणसाशी बोलणं. त्यात थकलेले, एकटे, कर्जात बुडालेले जपानी भेटतात.

प्रश्न : आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाला पियानोवरचा तो सकाळचा व्यायाम करायचा आहे.
— म्हापसा

'रेडिओ तायसो' १९२८ मध्ये सुरू झाला. आज चालतो तो पहिला संच १९५१ चा. १३ हालचाली, तीन मिनिटांच्या आसपास. रेडिओवर तो जपानच्या साडेसहाला लागतो, म्हणजे आपल्याकडे पहाटे तीन वाजता. तेव्हा रेकॉर्डिंगच वापरा. अकरावी हालचाल उड्यांची आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी तिथे टाचा उचलून खाली टेकवाव्यात. टीव्हीवर एक जण नेहमी खुर्चीत बसून व्यायाम दाखवत असतो, त्याच्याकडे बघून केलं तरी चालतं. सहाव्या हालचालीत पुढे वाकून मग मागे जायचं असतं. चक्कर येणाऱ्यांनी ती अर्धीच करावी.

प्रश्न : सुमो कुस्ती पाच सेकंदांत संपते. त्याआधी चार मिनिटं काय चालतं?
— बारावीचा विद्यार्थी, साखळी

समोरच्याच्या मनाचा अंदाज घेणं. पूर्वी या तयारीला वेळेचं बंधनच नव्हतं. १९२८ मध्ये रेडिओवर थेट प्रक्षेपण सुरू झालं आणि कार्यक्रम वेळेत बसेना, म्हणून वरच्या श्रेणीला दहा मिनिटांची मर्यादा घातली. तीच आता चार मिनिटांवर आली आहे. मीठ दर फेरीला उधळतात. वेळ संपल्याची खूण झाली की मल्ल टॉवेलने तोंड पुसतो आणि त्यानंतरची फेरी खरी. तोवर पापड तळून घ्यायला हरकत नाही.

रिंगणाचा व्यास ४.५५ मीटर. तळव्याखेरीज अंगाचा कुठलाही भाग जमिनीला टेकला किंवा पाय बाहेर पडला की हार. स्पर्धा वर्षाला सहा, विषम महिन्यांत, प्रत्येकी १५ दिवस. वरच्या श्रेणीतल्या मल्लाच्या १५ कुस्त्या होतात. आठ जिंकला तर तो क्रमवारीत वर, सात जिंकला तर खाली. म्हणून सात-सात झालेल्या दोन मल्लांची शेवटच्या दिवशीची कुस्ती चुकवू नकोस, विजेतेपदाशी तिचा संबंध नसला तरी. शेवटच्या कुस्त्या जपानच्या संध्याकाळी सहाच्या आत आटोपतात, म्हणजे आपल्याकडे दुपारी अडीचला. कॉलेज असेल तर दिवसभराचा सारांश नंतर वाहिनीवर लागतोच.