पेशीचे पैसे की टप्प्याचे?

प्रश्न : महाल भागातल्या आमच्या वडिलोपार्जित घरावर पुतण्याने वाटणीचा दावा लावला आहे. समन्स येऊन आठवडा झाला. माझं पेन्शन महिन्याला 22 हजार. एक वकीलसाहेब पूर्ण केसचे 60 हजार सांगतात, निम्मे आजच. दुसरे दर पेशीला, म्हणजे कोर्टाच्या प्रत्येक तारखेला, हजार घेतात. परवडेल कोण?
— निवृत्त वाचक, नागपूर

उत्तर : आधी तारखेकडे बघा. समन्स हातात पडल्यापासून 30 दिवसांत लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला तुमचं लेखी उत्तर, द्यायची असते. कारण पटलं तर कोर्ट ती मुदत 90 दिवसांपर्यंत वाढवतं. पुतण्याने मनाई हुकुमाचा अर्जही जोडला असेल, तर त्याचं उत्तर त्याहूनही लवकर लागेल. तेव्हा घासाघीस जरूर करा, पण या आठवड्यातच उरका.

दर पेशीला हजार हे ऐकायला हलकं वाटतं. मात्र दिवाणी दाव्यात कित्येक पेश्या रिकाम्या जातात. न्यायाधीश रजेवर असतात, समोरचा मुदत मागतो, साक्षीदार येत नाही. हजार रुपये त्या दिवशीही जातात. वर्षाला दहा पेश्या धरल्या तर पाच वर्षांत 50 हजार होतात, आणि तोवर दावा संपेलच असं नाही. उलट, सुरुवातीलाच 30 हजार दिले की पुढे तुमच्या हातात धरायला काही उरत नाही.

आम्ही टप्प्याने ठरवायला सांगू. त्याच 60 हजारांचे असे भाग पाडता येतील : कैफियत आणि मनाई अर्जाचं उत्तर दाखल झाल्यावर 20 हजार, साक्षी-उलटतपास संपल्यावर 25 हजार, अंतिम युक्तिवादानंतर 15 हजार. टायपिंग, झेरॉक्स, नकला यांचा खर्च यात आहे की वेगळा, आणि अपील यात धरलंय का, हे एका कागदावर लिहून दोघांनी सह्या करा. पैसे यूपीआयने किंवा चेकने द्या, रोख दिलेत तर पावती घ्या. ‘जिंकलात की हिस्सा द्या’ असं कोणी म्हणालं तर तिथून उठा. वकिलांना तशी फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे.

त्याही आधी एक हिशेब करा. 22 हजार गुणिले 12 म्हणजे 2 लाख 64 हजार. महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न 3 लाखांच्या आत असेल तर सरकारी खर्चाने वकील मिळतो. घरभाड्याचं उत्पन्न वगैरे धरूनही तुम्ही त्या आत बसत असाल, तर सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. समन्स, दाव्याची प्रत, ओळखपत्र आणि उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र सोबत न्या. चौकशीसाठी 15100 हा क्रमांक आहे. महिला, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि दिव्यांग यांना तर उत्पन्नाची अटच नाही. घरात तुमच्या बहिणीलाही प्रतिवादी केलं असेल, तर तिने स्वतंत्र अर्ज करावा.

खासगी वकील करायचाच असेल तर ई-कोर्ट्सच्या अॅपवर वकिलाच्या नावाने शोध घ्या. वाटणीचे दावे ते खरंच चालवतात का, ते तिथे दिसतं. कोर्टाच्या फाटकाशी ‘चांगला वकील दाखवतो’ म्हणणाऱ्याच्या मागे जाऊ नका. त्याचं कमिशन तुमच्याच फीमधून जातं.

वकीलपत्रावर, म्हणजे वकिलाला तुमच्या वतीने केस चालवायचा अधिकार देणाऱ्या कागदावर, सही करण्याआधी बारीक छापील मजकूर वाचा. त्यात बहुधा ‘तडजोड करण्याचा, दावा काढून घेण्याचा, रक्कम स्वीकारण्याचा अधिकार’ अशी ओळ असते. ती नको असेल तर वकिलांना सांगून खोडा आणि खोडलेल्या जागी सही करा. कोऱ्या कागदावर सही मुळीच नको. मूळ खरेदीखत, आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) घरीच ठेवा. वकिलांना झेरॉक्स द्या आणि कोर्ट मागेल त्या दिवशी मूळ कागद घेऊन जा.

प्रश्न : वकील बदलायचा आहे. आधीचे म्हणतात, बाकी फी दिल्याशिवाय कागद देणार नाही.
— वाचक, वाडी

उत्तर : फीसाठी पक्षकाराची फाइल अडवून ठेवता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली स्पष्ट केलं आहे. बाकी फी ते वेगळ्या मार्गाने वसूल करू शकतात. कागद मागणारं पत्र स्पीड पोस्टाने पाठवा, पोचपावती जपा. दरम्यान कोर्टाच्या नक्कल विभागातून दावा, कैफियत आणि रोजनाम्याच्या (प्रत्येक तारखेच्या कामकाजाच्या नोंदीच्या) प्रमाणित नकला काढून नव्या वकिलांना कामाला लावा. जुन्या वकिलांची ना-हरकत मिळत नसेल तर वकील बदलण्यासाठी कोर्टाची परवानगी मागणारा अर्ज नवे वकील देतील. एवढं करूनही फाइल मिळाली नाही, तर पत्राची आणि पोचपावतीची प्रत जोडून महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे तक्रार करा.