आखेनला निघालेल्या भाच्यास: पीठ, शेगडी आणि फोडणी

तू विचारलंस ते असं: "मावशी, ऑक्टोबरपासून जर्मनीत आखेनला मास्टर्स सुरू होतंय. दोन बॅगा, ४६ किलो. आई म्हणते पीठ, डाळी, रवा, तूप सगळं भरून ने. तिथे काय मिळतं? आणि मला मॅगी, ऑम्लेट सोडून काही येत नाही, निभेल का?"

निभेल. मी स्टुटगार्टला आले तेव्हा मला ऑम्लेटसुद्धा धड येत नव्हतं. पण ताईला सांग, पीठ आणि तूप बॅगेतून काढ म्हणावं. पीठ इथे मिळतंच, आणि तूप तर आणताच येत नाही. युरोपियन युनियनच्या बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ स्वतःच्या सामानातून आणायला बंदी आहे. तुपाचा डबा, पेढे, खवा सगळं त्यात आलं. ताज्या कढीपत्त्यालाही वनस्पती-आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं, तेव्हा तो नाद सोड. आणि दुबई-अबुधाबीमार्गे येणार असशील तर खसखस चुकूनही बरोबर घेऊ नकोस, तिकडे ती बंदी घातलेल्या मालात मोडते.

इतक्या वर्षांत वस्तू मिळाली नाही म्हणून माझं जेवण क्वचितच बिघडलं. बिघडलं ते पाकिटावरचा शब्द चुकल्यामुळे, नाहीतर शेगडीचा स्वभाव न कळल्यामुळे. म्हणून त्यावरच लिहिते.

पहिल्याच आठवड्यात मी जिरं म्हणून 'क्युमेल' आणलं. दिसायला तसंच, जरा वाकडं आणि काळपट. भाताला फोडणी दिली आणि खोलीभर बेकरीचा वास सुटला. ते जिरं नव्हतं, जर्मन लोक राय नावाच्या धान्याच्या पावात आणि आंबवलेल्या कोबीत घालतात ते होतं. आपलं जिरं म्हणजे 'क्रॉइत्सक्युमेल'. 'श्वार्त्सक्युमेल' म्हणजे कलौंजी. मेथीदाण्याला 'बॉक्सहॉर्नक्ले' म्हणतात, हळदीला 'कुर्कुमा'. लाल पूड दिसली आणि त्यावर 'पाप्रिका एडेलझ्युस' लिहिलेलं असलं तर ते तिखट नाही, नुसता रंग आहे. चार चमचे घातलेस तरी भाजी गोडच लागेल.

आता पीठ. सुपरमार्केटात पिठाच्या पाकिटावर टाइप ४०५, ५५०, १०५० असे आकडे दिसतील. शंभर ग्रॅम पीठ जाळल्यावर किती मिलिग्रॅम राख उरते, त्याचा तो आकडा. राख येते कोंड्यातल्या खनिजांमुळे, म्हणून आकडा मोठा तितका कोंडा जास्त. ४०५ म्हणजे जवळपास आपला मैदा. ५५० पावाचं. १०५० जरा करडं, कणकेच्या वाटेवर आलेलं. आणि 'फोल्कोर्न' म्हणजे अख्ख्या गव्हाचं, त्याला आकडा नसतो. मी दोन वाट्या १०५० आणि एक वाटी बारीक दळलेलं फोल्कोर्न असं मिसळते. नुसत्या फोल्कोर्नच्या पोळ्या तव्यावरून काढेपर्यंत मऊ आणि ताटात येईपर्यंत पापड. पाकीट उचलताना 'वाइत्सन' म्हणजे गहू हा शब्द आधी बघ. शेजारीच 'रोगन' असतं, ते राय. त्याची कणीक हाताला चिकटते ती चिकटतेच, पोळपाटावर जाण्याचं नाव घेत नाही.

भिजवताना एक लक्षात ठेव. आपल्या गिरणीत दगडाखाली गहू रगडला जातो, पीठ गरम होतं, त्यातला स्टार्च बराच मोडतो आणि मोडलेला स्टार्च पाणी जास्त पितो. इथलं पीठ रोलरवर दळलेलं असतं, ते कमी पाणी पितं. घरच्या सवयीने पाणी ओतलंस तर कणकेची लापशी होईल. अर्धं पाणी घाल, मळ, मग चमच्या-चमच्याने वाढव. गोळा हाताला न चिकटता बोट दाबल्यावर खळगा हळूहळू भरून आला की थांब. तेलाचा हात लावून अर्धा तास झाकून ठेव. ही अर्ध्या तासाची विश्रांती मी तीन वर्षं टाळली आणि तीन वर्षं नकाशे लाटले.

डाळींचं सोपं आहे. 'रोटे लिन्झन' म्हणजे मसूर डाळ, कुठल्याही दुकानात मिळते, वीस मिनिटांत कुकरशिवाय शिजते. पहिला महिना तिच्यावर काढ. तूर, मूग, उडीद भारतीय किंवा श्रीलंकन दुकानात. कोथिंबिरीची जुडी, पुदिना, भेंडी, वांगी तुर्की दुकानात घे, सुपरमार्केटात कोथिंबीर म्हणजे कुंडीतली चार काडं.

रवा म्हणजे 'ग्रीस'. त्यात 'वाइख' म्हणजे मऊ गव्हाचा आणि 'हार्ट' म्हणजे कडक गव्हाचा. उपम्याला हार्ट घे, दाणा मोकळा राहतो. वाइखचा उपमा चिकट होतो, लहान मुलांच्या पेजेला बरा. साबुदाण्याची मात्र फसगत होते. 'साबुदाणा' समजून इथला 'सागो' घेतलास तर तो बहुधा बटाट्याच्या स्टार्चचा निघतो. भिजत घातला की सकाळी खळ. पाकिटावर टापिओका लिहिलेलं असेल तरच घे.

बटाट्याची गंमत मला आजही आवडते. इथे बटाटे शिजवल्यावर कसे होतात त्यावरून विकतात, आणि बहुतेक पिशव्यांना रंगही ठरलेले असतात. हिरवी पट्टी 'फेस्टकोखेंड', म्हणजे शिजून अखंड राहणारे, काचऱ्या आणि रस्सा यांना. निळी पट्टी 'मेलिशकोखेंड', पिठूळ, वडा आणि पराठ्याला. लाल मधली. हिरव्या पट्टीच्या बटाट्याचा वडा केलास तर सारण डिंकासारखं ताणलं जातं, हे आमच्या घरच्या एका गणपतीत पंचवीस पाहुण्यांसमोर सिद्ध झालेलं आहे.

तुपाचं सांगते, कारण ताईला त्याचीच काळजी असणार. 'बुटरश्माल्त्स' म्हणून डब्यात मिळतं ते तूपच, पण त्याला कढवल्याचा वास नाही. त्यापेक्षा घरी कढव. लोण्याच्या पाकिटावर 'झ्युसरामबुटर' असेल तर ते गोड्या सायीचं, 'झाउअररामबुटर' असेल तर आंबवलेल्या सायीचं. आपण विरजण लावलेल्या सायीचंच लोणी काढतो ना? मग हे दुसरं घे. अडीचशे ग्रॅमचं पाकीट जाड बुडाच्या पातेल्यात मंद ठेव. आधी फेस, मग तडतड, मग आवाज शांत होतो आणि तळाशी बेरी बदामी दिसायला लागते. त्या क्षणी खाली उतरव, कारण पातेल्याची उष्णता पुढचं काम करतेच. साधारण दोनशे ग्रॅम तूप पडतं.

'क्वार्क' नावाचा डबा दिसेल, तो म्हणजे जवळजवळ आपला चक्का. त्यावर ४० टक्के लिहिलेलं बघून घाबरू नकोस, ते पाणी वगळून उरलेल्या भागातलं प्रमाण आहे, प्रत्यक्षात दहा-अकरा टक्के. फडक्यात तीन-चार तास टांगून पिठीसाखर, वेलदोडा घातला की श्रीखंड. 'माग्र' म्हणजे बिनसायीचा, तो घेऊ नकोस, रवाळ होतं. आणि कोल्हापूरची काकवी आठवली तर 'त्सुकररुबनसिरप' आण, साखरेच्या बिटाचा काळा पाक. तुझ्या आखेनची प्रिंटन नावाची कडक बिस्किटं त्यावरच होतात. पोळीशी खाऊन बघ.

आता शेगडी. वसतिगृहात बहुधा काचेची इलेक्ट्रिक असेल. आपल्या गॅसला बटण फिरवलं की ज्योत कमी. हिच्यात काचेखालची तार तापायला वेळ घेते आणि बंद केल्यावरही कितीतरी वेळ भाजत राहते. सगळी गोम इथे आहे. गोल बुडाचं कढलं किंवा कढई आणू नकोस, काचेला मधल्या टिकलीएवढंच टेकतं आणि बाकी थंड. सपाट बुडाचं हवं.

फोडणी अशी कर. बाजूला लाकडी पाट किंवा जाड फडकं घडी करून ठेव. राई, जिरं, हिंग, हळद, तिखट आधीच वाट्यांत काढ. बटण नऊपैकी सहावर. तेल साधं सूर्यफुलाचं, किंवा 'राप्सओल', म्हणजे मोहरीच्या जातीतल्या रेपसीडचं. 'काल्टगेप्रेस्ट', म्हणजे न तापवता दाबून काढलेलं, असं लिहिलेलं नको, ते लवकर धुरावतं. राईचा एक दाणा टाक. तो वर येऊन तडकला की बाकीची राई घाल आणि झाकण ठेव. तडतड ओसरायला लागली की भांडं शेगडीवरून उचलून पाटावर ठेव. बटण कमी करून भागत नाही, उचलायचंच. मग जिरं, ते फुललं की हिंग, हळद, आणि सगळ्यात शेवटी, तेल जरा निवल्यावर, तिखट. शेगडीवर असताना तिखट टाकलंस तर ते करपेल, आणि करपलेल्या तिखटाचा ठसका फक्त तुलाच लागणार नाही.

कारण छतावर धुराची घंटा आहे. माझ्या पहिल्या वसतिगृहात मी मिरचीचा धूर बाहेर जावा म्हणून स्वयंपाकघराचं दार उघडलं. धूर गेला सरळ पॅसेजमध्ये, तिथली घंटा अग्निशमन दलाला जोडलेली. तीन मजले पायजम्यात खाली उतरले आणि नंतर बिल आलं. दार बंद, खिडकी उघडी, पंखा चालू. हे आधी, तेल नंतर.

कुकर मात्र आण, दोन-तीन लिटरचा, स्टीलचा. आणण्याआधी बुडाला फ्रिजवरचं चुंबक लावून बघ. चिकटलं तर इंडक्शनवरही चालेल, ॲल्युमिनियमचा चालत नाही. काचेच्या शेगडीवर तिसरी शिट्टी हवी असेल तर दुसरीला कुकर बाजूला सरकव, तिसरी तो आपणहून देतो. जर्मन कुकरला शिट्टीच नसते, दांडीवर दोन वलयं वर येतात. दुसरं वलय दिसल्यापासून घड्याळ लावायचं, भिजवलेल्या तूरडाळीला दहा मिनिटं पुरतात. मिक्सर आणायचा तर दोन्हीकडे २३० व्होल्ट, फक्त अर्थिंगवाला ॲडाप्टर घे. पोळी फुगवायला ज्योत नाही, तव्यावरच फडक्याने कडा दाबत फिरव, फुगते. काचेवर गुळाचा किंवा साखरेचा पाक सांडला तर गरम असतानाच खरवडून काढ, थंड होऊ दिलास तर काचेचा टवका घेऊन निघतो आणि तो अनामत रकमेतून कापतात.

मग बॅगेत काय? कांदा-लसूण मसाला एक किलो, गोडा मसाला पाव किलो, हिंगाच्या दोन डब्या, आमसुलं, मसाल्याचा डबा, सपाट तवा, लाटणं. लाटणं हातसामानात ठेवू नकोस.

आणि तुझं विमान शनिवारी रात्री उतरत असेल तर तारीख परत बघ. रविवारी इथे दुकानं बंद असतात, उघडी मिळतात ती मोठ्या स्टेशनातली, आणि तिथे सगळंच महाग. निदान त्या एका दिवसापुरते दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी ताईकडून बांधून घे. दशम्या पाण्यात भिजवलेल्या, दुधात नव्हे.