पहिल्यांदाच बेडसाइड क्लिनिक घेताय?

अभिनंदन, डॉक्टर! पेशंटच्या पलंगापाशी विद्यार्थ्यांना शिकवायचं, तर सुरुवातीला थोडंच सांभाळा. परीक्षा, लॉगबुक, मार्क यांचं नंतर बोलू.

१. पेशंटची परवानगी विद्यार्थ्यांसमोर आणि पेशंटला कळेल अशा भाषेत मागा. पडदा ओढा, हात गरम करा, दुखतं तिथे सगळ्यात शेवटी हात लावा. मुलं हे बघूनच उचलतात.

२. प्रश्न विचारला की गप्प बसा. नवे शिक्षक इथेच घसरतात, दोन सेकंदांत स्वतःच उत्तर देऊन मोकळे! कुणी 'न्यूमोनिया' म्हटलं, तर बरोबर की चूक ते नंतर. आधी विचारा, "कशावरून?" ताप, खोकला, श्वासाचा वेग, ब्राँकियल ब्रीदिंग (स्टेथोस्कोपमधून ऐकू येणारा कर्कश, पोकळ श्वास), सगळं त्याच्याच तोंडून येऊ द्या. अडखळेल, अडखळू दे.

३. एका क्लिनिकला एकच मुद्दा. स्प्लीन (प्लीहा) तपासायला शिकवताय ना? मग उजव्या इलियाक फोसापासून (पोटाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यापासून) सुरुवात, दर श्वासाला हात थोडा डाव्या बरगडीकडे. बस. स्प्लीन वाढण्याची मलेरियापासून ल्युकेमियापर्यंतची यादी पुस्तकात आहेच.

आणि पेशंटसमोर कुणाचा पाणउतारा नको. आमच्या वेळी तो शिकवण्याचाच भाग मानत. त्यातून मुलं मागच्या रांगेत उभं राहायला तेवढी शिकली. निदानाची भीतीदायक चर्चाही पलंगापाशी नको, ड्युटी रूममध्ये करा.