इंजेक्शनाआधी सकाळचे रक्त

विश्रामबाग, सांगली

चिरंजीवास अनेक आशीर्वाद,

तुझे पत्र मिळाले. वजन वाढत चालले आहे, कुपवाडच्या कारखान्यातली रात्रपाळी संपली की अंगात त्राण उरत नाही, मन कशात लागत नाही, आणि घरात ज्याविषयी बोलता येत नाही ती इच्छाही ओसरली आहे, हे सारे तू आडपडदा न ठेवता लिहिलेस याचे मला समाधान वाटले. गावोगावी तालमी असलेल्या आपल्या जिल्ह्यात हे कागदावर उतरवणे सोपे नसते. मात्र जिममधल्या प्रशिक्षकाच्या सांगण्यावरून पुढच्या आठवड्यापासून टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनची इंजेक्शने सुरू करण्याचा तुझा विचार मला मुळीच पटलेला नाही. मी डॉक्टर नाही. उमेदीची सारी वर्षे मिरजेत रक्ताचे नमुने तपासण्यात गेली. त्यामुळे औषध कोणते घ्यावे हे मी सांगणार नाही, पण निदान कशावरून होते आणि कशावरून होत नाही, ते मला नीट ठाऊक आहे.

पत्रासोबत पाठवलेला रिपोर्ट मी पाहिला. त्यावर टेस्टोस्टेरॉनचा २८० हा आकडा आहे आणि नमुना घेतल्याची वेळ संध्याकाळी साडेपाचची आहे. त्या कागदावरून काहीही ठरत नाही. टेस्टोस्टेरॉनची पातळी झोपेत वाढत जाते, सकाळी सर्वांत जास्त असते आणि दिवसभरात उतरते. तरुण वयात हा चढउतार अधिक ठळक असतो आणि जेवणानंतरही ती काही काळ घसरते. म्हणून नमुना सकाळी साधारण ७ ते १० च्या दरम्यान, उपाशीपोटी द्यायचा असतो, आणि तो कमी आला तर वेगळ्या दिवशी पुन्हा तसाच द्यायचा असतो. दोन्ही वेळा कमी आल्याशिवाय आणि जोडीला लक्षणे असल्याशिवाय कोणताही जाणकार डॉक्टर या कमतरतेचे निदान करत नाही. अमेरिकेतील मूत्ररोगतज्ज्ञांची संघटना ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर ही मर्यादा धरते, तर तिथल्याच अंतःस्रावतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत निरोगी, सडपातळ तरुणांसाठी २६४ ही खालची सीमा दिली आहे. तुझा संध्याकाळचा आकडा या दोहोंच्या मधोमध येतो, म्हणजे सकाळी तो सहज सामान्य निघू शकतो. काही प्रयोगशाळा नॅनोमोल प्रति लिटर या एककात उत्तर देतात; तिथे ३०० ऐवजी १०.४ दिसेल, तेव्हा एकक वाचल्याशिवाय घाबरू नकोस.

तुझ्या बाबतीत रात्रपाळीचा वेगळा विचार करावा लागेल. रात्रभर जागून सकाळी थेट प्रयोगशाळेत गेलास तर घड्याळात सकाळ असेल, पण शरीराच्या दृष्टीने ती सकाळ नसेल. दिवसपाळीचा आठवडा लागून झोप पुरेशी सावरली की मगच नमुना दे, आणि तुझ्या पाळ्यांची माहिती डॉक्टरांना आधीच सांग. ताप किंवा दुसरे आजारपण असताना ही तपासणी करू नये, कारण आजारात पातळी तात्पुरती खाली जाते. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असशील तर तेही सांग. काही यंत्रांवर त्यामुळे आकडा चुकतो.

आता लक्षणांविषयी. थकवा आणि उदासी यांवरून एकट्या टेस्टोस्टेरॉनकडे बोट दाखवता येत नाही. थायरॉइड, रक्तक्षय, मधुमेह, नैराश्य आणि अपुरी झोप यांतही तेच होते. इच्छा ओसरणे, सकाळी आपोआप येणारी ताठरता नाहीशी होणे, दाढी आणि अंगावरचे केस विरळ होणे, छातीत गाठ लागणे किंवा दुखणे, ही लक्षणे अधिक बोलकी असतात. लाजेपोटी यातले एकही डॉक्टरांपासून लपवू नकोस. तू जोरात घोरतोस असे तुझी आई मला म्हणाली होती, तेही त्यांना सांग. झोपेत श्वास अडखळण्याचा विकार आणि पोटाचा वाढलेला घेर ही दोन्ही कारणे पातळी खाली खेचतात, आणि वजन उतरले की ती पुष्कळदा आपोआप वर येते. लठ्ठपणात हे हार्मोन वाहून नेणारे प्रथिन कमी होते, त्यामुळे एकूण आकडा कमी दिसला तरी प्रत्यक्ष उपयोगात येणारा भाग पुरेसा असू शकतो. अशा वेळी एसएचबीजी, म्हणजे तेच वाहून नेणारे प्रथिन, आणि त्याला न चिकटलेले मुक्त टेस्टोस्टेरॉन पाहतात.

दोन्ही नमुने खरोखरच कमी आले तर पुढचा प्रश्न कारणाचा. त्यासाठी एलएच आणि एफएसएच (मेंदूकडून वृषणांना संदेश नेणारी दोन हार्मोन्स) तपासतात. ते वाढलेले असतील तर दोष वृषणांत असतो, जसे वयात आल्यावर झालेल्या गालगुंडाने सूज येऊन गेलेली असणे किंवा जन्मतःच एक एक्स गुणसूत्र जास्त असणे. टेस्टोस्टेरॉन कमी असूनही ते वाढलेले नसतील तर मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीकडे पाहावे लागते. मग प्रोलॅक्टिन (त्याच ग्रंथीतले आणखी एक हार्मोन), लोहाची तपासणी आणि गरज पडल्यास एमआरआय होतो. आधीच इंजेक्शन घेतलेस तर एलएच आणि एफएसएचचे आकडे दबतात, आणि मूळ कारण शोधणे महिनोन्महिने अवघड होऊन बसते.

यापेक्षाही मोठी हरकत मी आता लिहितो, कारण दिवाळीनंतर तुझे लग्न आहे. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळाले की मेंदू वृषणांना पाठवायचे संदेश थांबवतो, आणि वृषणांच्या आतली पातळी कोसळल्याने शुक्राणूंची निर्मिती मंदावते किंवा पूर्ण थांबते. औषध सोडल्यावर बहुतेकांची ती सहा महिने ते वर्षभरात परत येते, काहींना दोन वर्षेही लागतात. तालमीत आणि जिममध्ये भरमसाट मात्रा घेणाऱ्यांचे तर काहीच सांगता येत नाही. जवळच्या काळात मूल हवे असलेल्या पुरुषाला म्हणूनच हा उपचार देत नाहीत. दोष पीयूषिकेकडचा असेल तर वृषणांनाच कामाला लावणारी एचसीजीसारखी औषधे वापरता येतात. प्रशिक्षकाने हे तुला सांगितले नाही, याचा मला मनापासून राग आला आहे.

हृदयाविषयीची तुझी शंका रास्त आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पाच हजारांहून अधिक पुरुषांवरील चाचणीत हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात औषधामुळे वाढलेले दिसले नाहीत. मात्र हृदयाची अनियमित लय आणि फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकणे यांचे प्रमाण थोडे वाढले. ते सर्वजण ४५ वर्षांपुढचे, पातळी कमी असल्याचे तपासून निवडलेले आणि देखरेखीखाली जेल लावणारे होते. त्यावरून जिममधल्या कुपीला दाखला मिळत नाही. रीतसर उपचारातही हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातले तांबड्या पेशींचे प्रमाण, वेळोवेळी पाहावे लागते आणि ते ५४ टक्क्यांपुढे गेले तर औषध थांबवतात.

बसस्थानकाजवळच्या भिंतींवर ज्यांच्या जाहिराती असतात त्यांच्याकडे जाऊ नकोस. मिरजेत १९६२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि उत्तर कर्नाटकातूनही रुग्ण मिरजेला येतात; तुला तर रिक्षाने जाता येईल. आधी फिजिशियनना भेट. गरज वाटली तर ते अंतःस्रावतज्ज्ञांकडे पाठवतील. लग्नाची तारीख आणि मूल हवे असल्याची गोष्ट पहिल्याच भेटीत सांग, आणि वीर्यतपासणीही करून घ्यावी का ते विचार. दिवसपाळी कधी लागते ते मला कळव. पहिल्या नमुन्याच्या दिवशी मी सोबत येईन.

तुझा,
काका