गाण्यातलं विज्ञान शोधायचंय? एका तारेपासून सुरुवात करा

आवडतं गाणं थेट स्पेक्ट्रममध्ये (कोणता कंप किती जोरात आहे हे दाखवणाऱ्या आलेखात) टाकू नका. ड्रम, बास, आवाज सगळं एकमेकांवर चढतं आणि नुसता चिखल दिसतो. बहुतेक नवखे इथेच कंटाळून सोडतात.

त्याऐवजी गिटारची पाचवी तार घ्या. नीट लावलेली असेल तर ती ११० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ११० कंपनांनी वाजते. ऑडॅसिटी या मोफत ऑडिओ सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड करून स्पेक्ट्रमचा आलेख काढा: ११०, २२०, ३३०, ४४० असे सुळके दिसतील. आता तार छेडून बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर बोट अलगद टेकवा, दाबू नका. ११० आणि ३३० जवळजवळ गायब, २२० आणि ४४० शिल्लक! तारेच्या मध्यावर जे कंप हलतात ते बोटाने मेले. ज्यांचा मध्य मुळातच स्थिर असतो ते टिकले. हे एकदा डोळ्यांनी पाहिलंत की पुढचं बरंच आपोआप उलगडतं.

नेहमीच्या चुका:

- आलेखाची साइझ (एका वेळी तपासायचे आवाजाचे नमुने) २०४८ वर ठेवणं. ४४१०० सॅम्पल रेटला (सेकंदाला ४४१०० नमुने) मोजमापाची पायरी सुमारे २१.५ हर्ट्झची होते, खालचे सूर अंदाजेच कळतात. १६३८४ घ्या.
- फोनचं नॉइज सप्रेशन चालू ठेवणं. ते लांबलेला सूर गोंगाट समजून कापतं.
- ४३२ हर्ट्झच्या ‘नैसर्गिक’ सुराच्या दाव्यांमागे लागणं. वाद्यं लावायचा प्रचलित ४४० हा माणसांनी ठरवलेला आकडा आहे, ४३२ सुद्धा. शिवाय सेकंद हे मापही आपणच ठरवलंय.

आवाजातले कंप वेगळे काढणारं फूरियरचं गणित आत्ता बाजूला ठेवा. त्याआधी ४४० आणि ४४२ हर्ट्झचे दोन सूर एकत्र वाजवून सेकंदाला दोनदा येणारी आवाजाच्या चढउताराची लाट कानाने मोजा.